पद्मिनीला जिप्सीचं इंजिन बसवू का?

प्रश्न:

आदरणीय काका,

वडिलांनी मार्च १९७५ मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी आता माझ्याकडे आहे. आठवडाभर ती पार्किंगमध्ये झाकलेली असते आणि रविवारी आम्ही ती पुण्याहून वाईला, पाचगणीला नेतो. पुढच्या अखंड सीटवर मी, आई आणि मध्ये माझा मुलगा. गेलं वर्षभर खंबाटकी चढताना गाडी तापते. पसरणीचा घाट उतरून खाली आलं आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागे निळ्या धुराचा लोट निघतो. ऑइल वरचेवर घालावं लागतं. इंजिन गरम असताना सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो.

गॅरेजवाले म्हणतात, इंजिन गेलं. त्यांच्याकडे मारुती जिप्सीचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारं) इंजिन गिअरबॉक्ससकट तयार आहे, ते बसवा म्हणतात. दुसरे एक मेकॅनिक म्हणतात, मुंबईहून टॅक्सीतून निघालेलं पद्मिनीचंच इंजिन आणून देतो. भाऊ म्हणतो, इलेक्ट्रिक करून टाक. जुनंच इंजिन बांधायचा विषय काढला तर सगळे म्हणतात, त्यात पैसे घालू नका. माझा कल जिप्सीकडे आहे, कारण एकदा काय तो खर्च केला की निवांत. आरसी नुकतीच २०३० पर्यंत नूतनीकरण करून घेतली आहे. काय करू?

— एक वाचक, कोथरूड

उत्तर:

ताई,

जिप्सीचं इंजिन बसवू नका. टॅक्सीचं इंजिनही लगेच मागवू नका. तुमच्या गाडीचं इंजिन खरंच गेलं आहे का, हेच अजून कोणी तपासलेलं दिसत नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहिलं, ऑइल प्रेशर मोजलं, हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडून बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) पाहिलं, असं काही तुमच्या पत्रात नाही. तुमच्याकडे धूर, तापणं आणि लाल दिवा ही तीन लक्षणं आहेत, आणि ती तिन्ही एकाच दुखण्याची असतील असं नाही.

पत्रातलं पसरणीबद्दलचं वाक्य मी परत परत वाचलं, कारण त्यात बरंच काही आहे. घाट उतरताना आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतो आणि गाडी गिअरवर धरलेली असते. कार्ब्युरेटरची झडप बंद, इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरतंय, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या नळीत, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो. व्हॉल्व्हच्या दांड्या ज्यांतून सरकतात ते व्हॉल्व्ह गाइड झिजून सैल झाले असतील तर हा व्हॅक्यूम टॅपेट कव्हरखालचं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्याच्या कडेने खाली ओढतो. ते तिथे साचत राहतं आणि खाली येऊन तुम्ही पाय दाबलात की एकदम जळतं. तोच तो निळा लोट. पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर गेलेले असते तर धूर चढावर, लोड असतानाही सतत निघाला असता. खंबाटकी चढताना गाडी तापते असं तुम्ही लिहिलंय, धूर निघतो असं लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी चढावर मागच्या काचेतून मुलाला मुद्दाम बघायला सांगा. तिथे धूर नसेल तर दुखणं बहुधा हेडमध्ये आहे, आणि हेडचं काम म्हणजे अख्खं इंजिन बदलणं नव्हे.

तापण्याचं कारण तर इंजिनाच्या बाहेरही असू शकतं. पद्मिनीचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. पन्नास वर्षं त्यात नळाचं, विहिरीचं, बोअरवेलचं, जे मिळेल ते पाणी पडलेलं असतं. क्षार आणि गंज रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि ब्लॉकच्या आत, चौथ्या सिलिंडरमागे, गाळ होऊन साचतात. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही, पण दुसऱ्या गिअरमध्ये तीन माणसं घेऊन घाट चढायला लागलं की काटा वर सरकतो. रेडिएटरवाल्याकडून वरची टाकी उघडून रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्या सळीने साफ करून घ्या. नळ्या पातळ झाल्या असतील तर नवा कोअर टाकून घ्या. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या ठोकून बसवलेल्या असतात, त्या काढून आतला गाळ तारेने खरवडून बाहेर काढता येतो. आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) जागेवर आहे का ते पाहा. आपल्याकडे 'थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही' अशी समजूत आहे आणि निम्म्या जुन्या गाड्यांतून तो काढून टाकलेला असतो. खरं दुखणं त्याने झाकलं जातं, आणि इंजिन कायम थंड चालून बोअर लवकर झिजतात.

लाल दिव्याचं मात्र मी हलक्यावर घेणार नाही. गरम इंजिन, स्लो रेस (गाडी उभी, इंजिन चालू) आणि मिणमिणता दिवा, म्हणजे क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगमधून ऑइल जास्त निसटत असण्याची शक्यता आहे. पण पातळ ऑइल, दमलेला ऑइल पंप किंवा दिव्याचा बिघडलेला स्विच यांनीही हेच दिसतं. स्विच काढून त्याच जागी प्रेशरचं गेज लावायचं आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वाचायचं, हे अर्ध्या तासाचं काम आहे. ते होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. बेअरिंग घासत असतील तर एकेका फेरीत क्रँकचं नुकसान वाढतं, आणि आज वाचणारा क्रँक उद्या वाचणार नाही.

आता कॉम्प्रेशन. इंजिन गरम करून चारही प्लग काढायला सांगा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि बॅटरी चांगली चार्ज असू द्या. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून स्टार्टरचे चार-पाच फेरे द्यायचे आणि आकडा लिहून घ्यायचा. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच वर गेला, तर गळती रिंगांतून आहे, कारण ऑइलने ती तात्पुरती बंद केली. आकडा हललाच नाही, तर गळती व्हॉल्व्हमधून किंवा गॅस्केटमधून. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट उडालं आहे असं जवळजवळ धरून चाला. चारही आकडे कमी पण एकसारखे असतील तर इंजिन थकलेलं आहे, तुटलेलं नाही. कागदावर हे आठ आकडे असले की गॅरेजवाल्याशी बोलणं वेगळं होतं. मग 'इंजिन गेलं' एवढ्यावर कोणी थांबू शकत नाही.

समजा आकडे वाईट आले आणि इंजिन उतरवावंच लागलं. तरीही माझं पहिलं मत तुमच्याच ब्लॉकला. हे इंजिन मुळात साधं आहे: १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, क्रँकला तीन मेन बेअरिंग, व्हॉल्व्ह पुशरॉडवर, आणि ताकद साधारण ४० अश्वशक्ती. त्यात कॉम्प्युटर नाही, जुना झाला म्हणून निकामी होणारा सेन्सर नाही. झिजतं ते सगळं मोजता येतं आणि मशिनवर दुरुस्त करता येतं.

हेड काढल्यावर गॅरेजमध्ये स्वतः जा. सिलिंडरच्या वरच्या टोकाला आतून नख फिरवा. रिंगा जिथपर्यंत येतात त्याच्या वर न झिजलेल्या धातूची कडा उरते. नख तिला जोरात अडकलं तर बोअर झिजलेलं आहे. मग पिस्टनचा माथा पुसून त्यावर कोरलेला आकडा पाहा. 'एसटीडी' असेल किंवा काहीच नसेल तर हा ब्लॉक बहुधा अजून एकदाही बोअर झालेला (मशिनवर भोक मोठं केलेला) नाही आणि त्याच्यात पुष्कळ आयुष्य बाकी आहे. ओव्हरसाइजचा आकडा असेल तर पुढचा साइज मिळतो का ते पाहायचं. शेवटचा साइज होऊन गेला असेल तरी ब्लॉक भंगारात जात नाही. बोअर मोठं करून आत स्लीव्ह (धातूच्या नळ्या) ठोकायचे आणि पुन्हा मूळ ६८ वर आणायचं. जुन्या मशीन शॉपमध्ये हे रोजचं काम आहे. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवं आणि उभं असं मोजून घ्यायला सांगा, आणि ते माप लिहून मागा. क्रँकचंही तसंच: जर्नल मायक्रोमीटरने मोजायचे, गरज असेल तर ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग टाकायची.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे तापून वाकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फिलर गेज जातो का बघायचं, फेसिंग करायचं, आणि त्याआधी पाण्याच्या दाबाखाली तडा तपासून घ्यायचा. नवे गाइड, व्हॉल्व्ह बंद होताना टेकतात त्या कड्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या सीट, नव्या. सीटचा आग्रह धरण्याचं कारण असं की १ फेब्रुवारी २००० पासून आपल्याकडे शिशाचं पेट्रोल बंद झालं. जुन्या व्हॉल्व्हच्या सीटवर शिशाचा पातळ थर बसत असे आणि तो त्यांना वाचवत असे. तो गेला. हेड उघडलंच आहे तर आजच्या पेट्रोलला टिकतील अशा कडक धातूच्या सीट बसवून घ्या, म्हणजे तो विषय मिटला.

मशीन शॉपबद्दल एक सांगतो. गाड्यांची दुरुस्ती करणारा आणि बोअरिंग करणारा ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि इंजिनाचं आयुष्य बरंचसं दुसऱ्याच्या हातात असतं. तुमच्या मेकॅनिकला विचारा, ब्लॉक कुठे देणार? त्या ठिकाणी जाऊन बघा. होनिंग (बोअरची शेवटची घासाई) करताना नवा पिस्टन हातात घेऊन त्याच्याशी माप जुळवणारा कारागीर असेल तर काम तिथेच द्या. पुस्तकात बघून सगळे बोअर सारखे करून देणारा असेल तर दुसरं दुकान शोधा.

टॅक्सीच्या इंजिनाचा पर्याय मी सरसकट नाकारत नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. त्या होत्या तोवर या इंजिनाचे सुटे भाग सहज मिळत, कारण हजारो माणसांचं पोट त्यावर होतं. कुर्ल्यात, ऑपेरा हाउसच्या दुकानांत, आपल्याकडे नाना पेठेत गॅस्केटचा सेट मागितला की फळीवरून काढून देत. आता तसं राहिलेलं नाही, आणि म्हणून उरलेली इंजिनं किमती आहेत. पण ती इंजिनं कशी चालली आहेत हेही लक्षात घ्या. दोन पाळ्यांत, ट्रॅफिकमध्ये, वर्षानुवर्षं, आणि शेवटची बरीच वर्षं सीएनजीवर. सीएनजी कोरडा असतो आणि जास्त तापतो. त्याने व्हॉल्व्हच्या सीट खचतात. बोअर कितव्यांदा झालंय ते कोणालाच ठाऊक नसतं. बाहेरून चकचकीत रंगवलेलं इंजिन दिसलं तर मी आधी त्याचं टॅपेट कव्हर उघडायला सांगेन. आत काळं डांबर साचलेलं आहे की स्वच्छ सोनेरी डाग आहेत, ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरा थर आहे का, इंजिन हाताने पूर्ण फिरतं का, एवढं पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. शक्यतो ते जमिनीवर ठेवून चालवून दाखवायला सांगा.

आणि कागद. इंजिनाचा नंबर मूळचा आहे, घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नाही, हे स्वतः बघा. ज्या गाडीतून ते निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि विक्रीची पावती मागा. दोन्ही देता येत नसतील तर ते इंजिन कितीही चांगलं असलं तरी घेऊ नका. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलीस ठाण्यात तुम्हालाच उत्तरं द्यावी लागतील.

तुमच्या जागी मी असतो तर टॅक्सीचं इंजिन सुट्या भागांसाठी घेतलं असतं. हेड, क्रँक, मॅनिफोल्ड, टायमिंग कव्हर, ऑइल पंप, डिस्ट्रिब्युटर. स्वतःचा ब्लॉक बांधायचा आणि जो भाग बाजारात मिळत नाही तो या दुसऱ्या इंजिनातून घ्यायचा. तुमच्या ब्लॉकला तडा गेलेला निघाला तरच तो दुसरा ब्लॉक गाडीत जाईल, आणि तसं झालंच तर आधी आरटीओची मंजुरी.

आता जिप्सी. तुमच्या गॅरेजवाल्यांना हे इंजिन का आवडतं ते मला समजतं. १२९८ सीसी, एमपीएफआयमध्ये ८० अश्वशक्ती, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा म्हणून हलका, गाडीत लांबीच्या दिशेने बसणारं. शिवाय जिप्सीची ट्रान्स्फर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, त्यामुळे नुसता गिअरबॉक्स घेऊन मागच्या चाकांना जोडता येतो. पद्मिनीत अशी इंजिनं बसवलेल्या गाड्या आहेत आणि चांगलं काम केलेलं असेल तर त्या छान पळतात.

पण तुमच्या गाडीत त्यासाठी काय काय कापावं लागेल ते बघा. इंजिनाचे माउंटिंग नवे वेल्ड करायचे. खालचा सम्प (ऑइलचं भांडं) पुढच्या क्रॉस मेंबरला (गाडीच्या आडव्या पट्टीला) लागला तर दोघांपैकी एकाला कापायचं. प्रॉपेलर शाफ्ट नव्या मापाचा करून बॅलन्स करायचा. इंजेक्शनसाठी टाकीपासून जास्त दाबाचा पंप, परतीची नळी, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि त्याचं सगळं वायरिंग. गिअर स्टिअरिंगखालून जाऊन जमिनीवर येणार, म्हणजे मधला पत्रा कापायचा आणि पुढची अखंड सीट काढायची. तुमचा मुलगा मध्ये बसतो ती जागाच जाईल. एवढं करून ब्रेक तेच, चारही चाकांना ड्रम, ४० अश्वशक्तीच्या गाडीसाठी केलेले. ताकद दुप्पट करायची आणि थांबवण्याची सोय १९७५ ची ठेवायची, हे खंबाटकीच्या उतारावर तुमच्या आईला शेजारी बसवून करण्यासारखं नाही. ब्रेक बदलायचे म्हटले की हब, चाकं, मास्टर सिलिंडर, सगळं मागोमाग येतं. 'एकदा काय तो खर्च' असं त्यात काहीच नाही.

कायद्याची बाजू याहून अवघड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा होऊन बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या क्षमतेचं इंजिन म्हणजे सरळ यातच बसतं. 'आपली ओळख आहे, आरसीवर चढवून देतो' असं कोणी म्हणालं तर त्याच्या वाटेला जाऊ नका. २०३० मध्ये नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षक पुन्हा नंबर पडताळणार, आणि त्याआधी अपघात झालाच तर विमा कंपनी सगळ्यात आधी हाच बदल दाखवून दावा नाकारेल.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्या गाडीला ती लागू पडते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' गाड्यांची वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल न केलेली खासगी गाडी त्यात बसते. मार्च १९७५ ची तुमची पद्मिनी ही वयाची अट पार करून गेली आहे. मूळ नोंदणी असलेल्या गाडीला तिचा जुना नंबरही ठेवता येतो. मी तुम्हाला आजच तो अर्ज करा असं म्हणत नाही. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आईला घेऊन रविवारी वाईच्या घाटावर जाणं त्यात बसत नाही. साध्या नोंदणीवर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणंच तुमच्यासाठी बरं. पण हा दरवाजा आज उघडा आहे. तुमच्या मुलाला पुढे तो हवा असेल. जिप्सीचं इंजिन बसलं की तो बंद होतो, आणि कापलेला पत्रा, हरवलेला ब्लॉक परत आणून तो पुन्हा उघडणं फार कठीण.

भावाच्या इलेक्ट्रिकच्या सूचनेबद्दल थोडक्यात. इंधन बदलण्यासाठी कलम ५२ मध्ये वाव आहे, बॅटरीसुद्धा त्यात येते, पण किट मान्यताप्राप्त संस्थेने तपासून मंजूर केलेलं हवं. आपल्या पुण्यातली एआरएआय ही त्यातली एक. मंजुरी ठरावीक गाडी आणि ठरावीक किट यांची असते. कोणी आणून देतो म्हणाला तर पद्मिनीसाठीच्या मंजुरीचा कागद आधी बघा. माझं विचाराल तर ज्या गाडीचा आवाज ओळखून तुमची आई खाली उतरत असेल तिला मोटर बसवू नये.

परकं इंजिन मला कधीच पटत नाही असं नाही. कोणाकडे नव्वदच्या दशकातली, आधीच बरीच बदललेली पद्मिनी असती तर मी प्रीमियर ११८ एनईच्या इंजिनाचा विचार करायला सांगितलं असतं. निसानच्या रचनेचं ते ११७१ सीसीचं इंजिन, ५२ अश्वशक्तीचं. त्याच कंपनीच्या घरातलं, कार्ब्युरेटरवर चालणारं आणि ताकद जुन्या गाडीला झेपेल इतकीच वाढवणारं. तिथेही आरटीओची लेखी मंजुरी आधी, काम नंतर. तुमच्या १९७५ च्या गाडीला मात्र मी तेही सुचवणार नाही.

इंजिन खाली आलंच आहे तर दोन-तीन कामं सोबत उरकून घ्या. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट, मागचं ऑइल सील, इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गॅस्केट इथेनॉलला टिकणारी घाला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ होतं आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळतं. जिप्सीचं इंजिन घेतलं असतं तरी ही काळजी सुटली नसती, कारण तेही या पेट्रोलसाठी केलेलं नाही. इथेनॉल ओलावा ओढतो, म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका. ब्रेक सिलिंडरचे रबर आणि ब्रेकच्या नळ्याही याच वेळी नव्या करा. इंजिनात नवा जीव आला की पाय आपोआप जड होतो.

गॅरेजवाल्यांशी बोलताना त्यांच्यावर अविश्वास दाखवू नका. त्यांच्यापाशी तयार इंजिन आहे आणि ते आठवड्याभरात गाडी चालू करून देऊ शकतात, म्हणून ते तो मार्ग सांगतात. जुनं इंजिन बांधायचं म्हणजे सुटे भाग शोधायला महिना-दोन महिने जातात, गाडी जागा अडवून बसते आणि मालक रोज फोन करतो. तुम्ही सांगा की मला घाई नाही, भाग मी स्वतः नाना पेठेत आणि मुंबईत शोधते, आणि मजुरी ठरलेल्या टप्प्यांत देते: उतरवल्यावर एक, मशीन शॉपचं काम मापांसकट दाखवल्यावर दुसरा, गाडी चालल्यावर शेवटचा. जुने काढलेले भाग पिशवीत घालून परत मागा. एवढं सांगूनही ते नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. पद्मिनीवर हात बसलेला, टॅक्सीच्या काळातला एखादा मिस्त्री शोधा. पुण्यात आणि मुंबईत अशी माणसं अजून आहेत, आणि त्यांना हे इंजिन कानाने ओळखता येतं.

बांधून झाल्यावर पहिले हजार किलोमीटर सपाट रस्त्यावर, ताशी पन्नासच्या आसपास, पण एकाच वेगात रेटत नाही. थोडं वर, थोडं खाली. पहिल्या काही तापण्या-थंड होण्यानंतर हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळायचे आणि टॅपेट पुन्हा लावायचे. पाचशेला ऑइल बदला, काढलेलं ऑइल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात बघा. बारीक राखाडी चमक चालेल, बोटाला टोचणारे कण दिसले तर गाडी तिथेच थांबवा. हजार झाल्यावर पसरणी.

पण हे सगळं पुढचं. या रविवारी गाडी घाटात न नेता गॅरेजमध्ये न्या, ऑइल प्रेशरचं गेज आणि कॉम्प्रेशन गेज लावून घ्या, आणि ऑइल घालण्याआधीचे चार व नंतरचे चार आकडे मला पाठवा. सोबत पिस्टनच्या माथ्याचा फोटो मिळाला तर अजून चांगलं, पण त्यासाठी हेड उघडायची घाई करू नका. हेडच्या कामावर भागेल की ब्लॉक उतरवावा लागेल, ते त्या आकड्यांवरून सांगतो.